रिकाम्या जागेचे मोल

गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरची मंडळी कर्नाळ्यास गेली होती. लहानमोठी मिळून अकरा माणसे. पनवेलास बिऱ्हाड असून कर्नाळा पाहिला नाही असे म्हणणे, म्हणजे देवळाशेजारी राहून देवदर्शन न घेण्यासारखेच. परंतु जे उशाशी असते ते पाहावयाचे राहून जाते, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा असेल. वडीलधारी मंडळी अभयारण्यातल्या झाडांखाली शिधा सोडून बसली आणि आम्ही मुलांना घेऊन वर गेलो. अंगठ्यासारखा उभा असलेला तो सुळका, त्याच्या पायथ्याशी कोरलेली पाण्याची टाकी, पडक्या तटावरून दिसणारे प्रबळगड व माणिकगड, आणि हवा स्वच्छ असली म्हणजे दूरवर चकाकणारी खाडी, हे सर्व पाहून मोठ्यांना जे वाटावयाचे ते वाटले. आम्हीही संधी साधून मुलांना इतिहास सांगितला. हा गड महाराजांनी १६५७ साली घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० साली मराठ्यांनी तो परत जिंकून घेतला, इतके सांगून झाल्यावर आमच्या बंधूंचा नऊ वर्षांचा नातू म्हणाला, “काका-आजोबा, महाराज लढले कुठे ते कळले. पण लहानपणी ते खेळायचे कुठे?”

सर्वजण हसले. खाली आल्यावर आमच्या वहिनींनी मात्र त्या प्रश्नाचा खरा अर्थ उलगडून सांगितला. आमच्या वस्तीसमोर एक मोकळा तुकडा होता. संध्याकाळी पाच-पन्नास मुले तेथे खेळत. तीन वर्षांपूर्वी एका थोर पुरुषाच्या स्मारकासाठी त्या तुकड्याच्या मधोमध चौथरा बांधण्यात आला. पुढच्या वर्षी चौथऱ्यास कठडा आला, त्याच्या पुढच्या वर्षी फुलझाडे आली, आणि अखेर पाटी आली: ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.’ वर्षातून दोनदा पुतळ्यास हार पडतात. बाकीचे तीनशे त्रेसष्ट दिवस तेथे कोणी जात नाही. “मुलगा तेच विचारतो आहे हो भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “थोर माणसाची आठवण ठेवायची म्हणजे मुलांनी खेळायचे बंद करायचे, असा काही नियम आहे का?”

या प्रश्नास तेथल्या तेथे आम्हांस उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मात्र एका मैदानाची हकीकत आठवली. ती वहिनींना सांगितली आणि आज वाचकांनाही सांगत आहो. हे मैदान फार दूरचे नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे मामाचे किंवा माहेरचे घर त्याच्या आसपास असेल, आणि कित्येकांनी त्याच्या कट्ट्यावर बसून दाणे खाल्ले असतील. ते म्हणजे दादरचे शिवाजी पार्क.

या मैदानाची कुळकथा प्लेगापासून सुरू होते. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप पसरला. दाटीवाटीच्या चाळींतून, जेथे उजेड नाही व वारा नाही अशा खोल्यांतून, माणसे पटापट मरू लागली. सरकारचे डोळे उघडले आणि १८९८ साली शहरसुधारणेसाठी ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापन झाली. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढावे आणि उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती वसवाव्या, असे तिचे धोरण होते. शहराला फुप्फुसे लागतात ही गोष्ट त्या पिढीला पुस्तकांतून शिकावी लागली नाही; मरणाने शिकविली. उत्तरेकडची ही वाढ चालू असतानाच माहीमच्या हद्दीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, मुंबईच्या महापालिकेने सुमारे २८ एकरांची जागा मोकळी ठेवून १९२५ साली ती लोकांस खुली केली. तिचे पहिले नाव ‘माहीम पार्क’.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावयाची आहे. मैदान आधी झाले आणि त्याच्या भोवतालची घरे मागून आली. आज ज्या तीन-चार मजली, गोलसर सज्जांच्या इमारती आपण त्या मैदानाभोवती पाहतो, त्यांतील बहुतेक पुढील दहा-वीस वर्षांतल्या आहेत. भोवती वस्ती नव्हती तेव्हा इतकी जागा रिकामी ठेवणे ही चैन आहे, असे म्हणणारे त्या काळीही निघाले असते तर त्यांत नवल नव्हते. पण वस्ती झाल्यावर मैदान काढावयाचे म्हटले तर कोणाचे तरी घर पाडावे लागते, हे व्यवहारज्ञान त्या वेळच्या कारभाऱ्यांपाशी होते.

मैदानाला आजचे नाव मिळाले ते १९२७ साली, आणि ते मिळवून देण्याचे श्रेय एका स्त्रीकडे जाते. अवंतिकाबाई गोखले हे नाव आजच्या तरुण सुनामुलींना ठाऊक असेलच असे नाही. त्यांचा जन्म १८८२ साली इंदूरचा. १९१७ साली गांधीजी चंपारण्यात गेले तेव्हा तेथील खेड्यांतून शिक्षणाचे काम करावयास ज्या थोड्या स्त्रिया गेल्या, त्यांत अवंतिकाबाई होत्या. पुढील वर्षी त्यांनी गांधीजींचे मराठीत चरित्र लिहिले आणि त्यास लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना लिहिली. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी हिंद महिला समाज स्थापिला. मुंबईच्या महापालिकेत ज्या पहिल्या काही स्त्रिया सभासद म्हणून बसल्या, त्यांपैकी त्या एक होत. शिवछत्रपतींच्या जन्माला तीनशे वर्षे झाली, त्या निमित्त या मैदानास त्यांचे नाव द्यावे, असा आग्रह अवंतिकाबाईंनी धरला आणि तो मान्य झाला.

चिकित्सक वाचक येथे बोट ठेवतील. महाराजांचा जन्म १६३० चा, मग त्रिशताब्दी १९२७ साली कशी? ही शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. जुन्या बखरींवरून महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला, म्हणजे इसवी सन १६२७ चा, अशी समजूत रूढ होती. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे घराण्यातील शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी निघाली. त्यानंतर विद्वानांत अनेक वर्षे वाद चालला आणि पुढे राज्य शासनानेही हीच तारीख स्वीकारली. १९२७ साली मात्र लोकांच्या मनात जुनीच तिथी पक्की होती. सारांश, मैदानाचे बारसे तीन वर्षे आधी झाले, असे म्हणावयास हरकत नाही. खरी त्रिशताब्दी १९३० ची, आणि चौथी शताब्दी २०३० साली येत आहे. त्या वेळी कशी स्मारके उभी राहतील याचा विचार आतापासून करावयास हवा, म्हणूनही ही हकीकत आज सांगावीशी वाटते.

आता मुख्य मुद्दा असा की, १९२७ साली स्मारक म्हणून तेथे काय बांधले? काहीही बांधले नाही. नाव दिले आणि जागा मोकळी सोडली. महाराजांचा अश्वारूढ पुतळा तेथे आला तो १९६६ साली, लोकवर्गणीतून, आणि तोही मैदानाच्या कडेस. त्या पुतळ्याच्या हाती उपसलेली तलवार नाही. हात पुढे केलेला आहे, जणू मार्ग दाखवीत आहे. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे हे स्मारक केवळ नावाचे आणि मातीचे होते. त्या चाळीस वर्षांत महाराजांची आठवण कमी झाली असे कोणी म्हणू शकेल काय?

आठवण कमी तर झाली नाहीच. उलट त्या मातीत ती रोज तुडविली गेली आणि घट्ट झाली. मैदानाच्या एका बाजूस समर्थ व्यायाम मंदिर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबविद्येस ऊर्जितावस्था आणली, ती विद्या येथे मुलामुलींना शिकविली जाते. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर भरली आणि परदेशांतून आलेले तरुण लाकडी खांबावर मराठी नावांच्या उड्या व पकडी करताना लोकांनी पाहिले. या विद्येच्या प्रसारासाठी झटणारे येथील उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. पेशव्यांच्या दरबारातील एक विद्या दोनशे वर्षे टिकून जगभर जाते, याला एक खांब आणि तो रोवावयास जमीन, एवढेच भांडवल पुरले.

क्रिकेटची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील अशा खेळाडूंची नावे या मैदानाशी जोडलेली आहेत. वाडेकरांच्या नेतृत्वाखाली १९७१ साली आपल्या संघाने प्रथम वेस्ट इंडीजला आणि नंतर इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर मालिकेत हरविले, त्या वर्षी दादरच्या घराघरांतून कशी दिवाळी झाली ते आमच्या पिढीस आठवते. पुढे रमाकांत आचरेकर यांनी याच मातीवर मुलांच्या पिढ्या घडविल्या. यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवावयाचे. जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील त्याचे ते नाणे, आणि फलंदाज अखेरपर्यंत बाद झाला नाही तर त्याचे. सचिन तेंडुलकरने अशी मिळविलेली नाणी जपून ठेवली आहेत हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. आचरेकर सर जानेवारी २०१९ मध्ये वारले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे लहानसे स्मारक मैदानाच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहिले. ते मधोमध नाही, दारापाशी आहे, ही गोष्ट आम्हांस फार सुसंस्कृत वाटते. मास्तरांचे स्मारक मुलांच्या खेळाच्या वाटेत येऊ नये, हे ज्याने ठरविले त्यास मास्तर समजले होते.

परंतु हे मैदान केवळ खेळाचे राहिले असते तर त्याची हकीकत इतकी मोठी झाली नसती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या आवाजाने ते दणाणले. ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा तेथे भरला. प्रजासत्ताकदिनी राज्याचे संचलन तेथे होते. २०१९ साली तेथे मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. नवरात्रात बंगाली मंडळींची दुर्गापूजा तेथे होते आणि दिवाळी पहाटेस त्याच्या सभोवार नव्या कपड्यांची जत्रा फुलते. जवळच दादर चौपाटीवर डिसेंबर १९५६ मध्ये डॉ. आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात, आणि त्या थकल्या-भागल्या लोकांना पाठ टेकावयास, भाकरी सोडावयास आणि पुस्तके विकत घ्यावयास हेच मैदान मिळते.

या शेवटच्या गोष्टीसंबंधी आमच्या वाचकवर्गास थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी घेतो. मैदानाभोवतीची घरे बहुतांशी आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांची. त्यामुळे त्याविषयी बोलताना ‘आमचे मैदान’ असा शब्द आपल्या तोंडी सहज येतो, आणि त्या ‘आमचे’मध्ये कोण आणि कोण नाही याचा हिशेब आपण क्वचितच मांडतो. सभांचे भोंगे, गर्दी, कचरा यांचा रहिवाशांस त्रास होतो हे खरे आहे. त्यासाठी ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१० साली न्यायालयाने तो परिसर शांतता क्षेत्र ठरविला. तेव्हापासून खेळाव्यतिरिक्त इतर कामांसाठी ते मैदान वर्षातील ठरावीक मोजक्या दिवशीच मिळते. वृद्धांची झोप, मुलांचा अभ्यास आणि खेळाडूंचा सराव यांना न्यायालयाने संरक्षण दिले हे योग्यच झाले. पण त्याचबरोबर हेही ओळखावे की, जे मैदान केवळ भोवतालच्या घरांचे असेल ते छत्रपतींच्या नावाचे उरणार नाही. ते फार तर एक मोठे अंगण होईल. ज्यांचे घर दूर विदर्भात किंवा मराठवाड्यात आहे अशा आजीबाईने एक रात्र तेथे पथारी टाकली, तर ती कोणाच्या अंगणात शिरली असे होत नाही. ती आपल्याच जागेत आलेली असते.

अशी स्मारके इतरत्रही आहेत आणि त्यांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. अमेरिकेत लॉस एंजलिस शहरी पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून १९२३ साली एक प्रचंड क्रीडागार उघडण्यात आले. मृतांसाठी स्तंभ उभारावयाचा तो न उभारता त्यांच्या मुलांनातवंडांना खेळावयास जागा द्यावी, ही त्यामागील दृष्टी. १९३२ आणि १९८४ अशी दोन वेळा तेथे ऑलिंपिक सामने झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर त्या देशात गावोगावी सभागृहे, तलाव, क्रीडागृहे हीच स्मारके म्हणून बांधावी, अशी चळवळच निघाली.

आपल्याकडे कोल्हापूरचे खासबाग मैदान आहे. शाहू महाराज १९०२ साली राज्यारोहणसमारंभासाठी विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि तसे काही आपल्या पैलवानांसाठी करावे असे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली ते मैदान पुरे झाले. मध्ये लाल मातीचा आखाडा आणि सभोवार चढत गेलेली बैठक, अशी रचना की कोठेही बसले तरी कुस्ती दिसते, मध्ये खांब म्हणून नाही. बांधले तेव्हा ते कोणाचे स्मारक नव्हते. महाराज गेले आणि ते मैदान आपोआप त्यांचे स्मारक झाले, आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्याला लागूनच महाराजांनी नाट्यगृह बांधविले, तेच पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाचे झाले. २०२४ च्या ८ ऑगस्टला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्या नाट्यगृहाला आग लागून ते जळाले तेव्हा कोल्हापूरची माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. पुतळा भंगला तर माणसाला राग येतो. आपण जेथे टाळ्या वाजविल्या, जेथे आपल्या वडिलांनी खांद्यावर बसवून आपल्याला कुस्ती दाखविली, ती जागा गेली तर रडू येते.

आता शिवाजी पार्कावरील संकटाकडे वळतो. ते बाहेरच्या शत्रूपासून आलेले नाही. ते आपल्या भक्तीपासून आलेले आहे. मैदान थोर म्हणून तेथे थोर माणसांना अखेरचा निरोप दिला जातो. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्यावर तेथे अंत्यसंस्कार झाले. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांच्यावर झाले. दोन्ही प्रसंगी जनसागर लोटला होता आणि दोन्ही प्रसंगांनंतर, स्मारक येथेच व्हावे अशी मागणी निघाली. बाळासाहेबांचे स्मारक पुढे जवळच्या महापौर निवासाच्या जागी करण्याचे ठरले. लताबाईंच्या स्मारकाच्या मागणीवर, मैदान खेळासाठीच राहू द्यावे असे अनेकांनी स्पष्टपणे म्हटले. ज्यांनी मागणी केली त्यांचे प्रेम खोटे नव्हते आणि ज्यांनी विरोध केला त्यांचेही नव्हते. परंतु हिशेब करून पाहावा. शंभर वर्षांत या मैदानाशी ज्यांची नावे निगडित झाली अशा प्रत्येकास पाच-दहा गुंठे दिले असते, तर आज तेथे पुतळ्यांना पुतळे दिसले असते आणि ज्या गुणांसाठी ते पुतळे उभारावयाचे ते गुण अंगी आणणारे मूल मात्र तेथे दिसले नसते.

भक्तीखेरीज निष्काळजीपणाही आहेच. गेल्या काही वर्षांत मैदानावर टाकलेल्या तांबड्या मातीची धूळ वाऱ्याबरोबर भोवतालच्या घरांत शिरते. उन्हाळ्यात फिरावयास गेलेला माणूस खोकत परत येतो. पाणी मारणे, गवत लावणे, माती काढणे असे नाना उपाय झाले, चर्चा झाल्या, तज्ज्ञांचे सल्ले झाले. यातून शिकावयाचे ते इतकेच की, रिकामी जागा सांभाळणे हेही काम आहे. चौथरा एकदा बांधला म्हणजे जबाबदारी संपते. मैदानाची जबाबदारी रोज सकाळी नव्याने सुरू होते. म्हणूनच कदाचित चौथरे बांधणे सोपे जाते.

आता पुन्हा कर्नाळ्याच्या पायथ्याशी येऊ. या गडाच्या सावलीत शिरढोण नावाचे गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. पुण्यास लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करणाऱ्या या गृहस्थाने लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत शरीर कमावले, सोबत्यांसह पुण्यात शाळा काढली, आणि पुढे कोळी, रामोशी, भिल्ल अशा लोकांना बरोबर घेऊन परक्या सरकारशी लढा आरंभिला. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा देह पडला. ब्राह्मणाच्या घरचा मुलगा मातंग समाजातील वस्तादापाशी शिकला तो कोठे? तालमीच्या मातीत. शाळेच्या बाकावर किंवा देवळाच्या ओवरीत त्या काळी जी माणसे एकत्र आली नसती, ती आखाड्यात एकत्र आली. पनवेलच्या नाट्यगृहास त्यांचे नाव आहे ही समाधानाची गोष्ट होय. पण ज्याने तालमीत घाम गाळला त्याच्या मुलुखात मुलांना धावावयास जागा नसावी, हे काही शोभत नाही.

१९२५ साली दादर जेथे होते तेथे आज आपले पनवेल आहे. १८५२ सालची ही जुनी नगरपालिका २०१६ च्या ऑक्टोबरात महापालिका झाली. विमानतळ आला, रस्ते आले, वीस-वीस मजली घरे येत आहेत. दादरच्या कारभाऱ्यांनी घरांच्या आधी मैदान आखले होते. आपल्याकडे घरे आधी येत आहेत. तथापि वेळ अगदीच गेलेली नाही. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यात मैदानांसाठी आरक्षित जागा दाखविलेल्या असतात आणि त्यांवर हरकती व सूचना देण्यास नागरिकांस मुदत दिलेली असते. ही मुदत आपल्यापैकी किती जणांनी कधी पाळली? लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून आपण पंचांग चार वेळा पाहतो, पण आपल्या नातवाच्या मैदानावरील आरक्षण उठत असता वर्तमानपत्रातील जाहीर सूचना न वाचताच घडी करून ठेवतो. घरात एखादा निवृत्त गृहस्थ असतोच. त्याने हे काम अंगावर घ्यावे. नकाशा पाहावा, आपल्या वस्तीतील मोकळ्या जागांचे क्रमांक टिपून ठेवावे आणि कोणी चौथऱ्याची गोष्ट काढली म्हणजे नम्रपणे विचारावे, “स्मारक अवश्य होऊ द्या, पण कडेला होईल का?”

ही हकीकत आम्ही घरी सांगितली तेव्हा आमचे वडील बंधू काही बोलले नाहीत. त्या पुतळ्याच्या वर्गणीत त्यांनी पुढाकार घेतला होता. पावतीपुस्तक अजून त्यांच्या कपाटात आहे. चार दिवसांनी सकाळी ते स्मारक समितीच्या चिटणीसांकडे जाऊन आले. पुतळा हलवावा असे त्यांनी सुचविले नाही. ते कोणास रुचलेही नसते. कठडा पुतळ्याच्या अगदी जवळ घ्यावा, फुलझाडे कडेला लावावी आणि पाटीवरील मजकूर बदलावा, एवढेच ते म्हणाले. समितीत वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, चेंडू लागून विटंबना होईल. त्यावर बंधू म्हणाले, “ज्यांचा पुतळा आहे त्यांनी आयुष्यभर मुलांसाठी खस्ता खाल्ल्या. एखादा चेंडू ते सोसतील.”

निर्णय अजून व्हावयाचा आहे. पुढील बैठक माघात आहे. काय होते ते वाचकांस याच सदरातून कळवू. तोपर्यंत आमचा नातू रोज संध्याकाळी पाटीसमोर उभा राहून ती मोठ्याने वाचतो आणि चेंडू बगलेत धरून परत येतो.